केमोत मुंग्या येऊ नयेत म्हणून कॅल्शियमची बाटली? या चुका टाळा

बाबांचं आतड्याच्या कॅन्सरसाठी ऑक्सालीप्लॅटिन हे केमोचं औषध सुरू झालं तेव्हा परळच्या डे-केअरमध्ये शेजारच्या बेडवरच्या काकू म्हणाल्या, "अहो, आधी कॅल्शियम-मॅग्नेशियमची बाटली लावायला सांगा, हातापायाला मुंग्या येत नाहीत." झालं, मी डॉक्टरांच्या हात धुऊन मागे लागलो. पहिली चूक माझीच.

तसं काकूंचं अगदीच हवेतलं नव्हतं. ऑक्सालीप्लॅटिनमधून सुटणारं ऑक्झलेट कॅल्शियमला पकडून ठेवतं आणि त्यामुळे नसा चिडतात असा तर्क होता, म्हणून केमोच्या आधी नि नंतर दोन्हीची एकेक ग्रॅमची बाटली द्यायचे, 2004 च्या एका फ्रेंच अभ्यासात फायदाही दिसला होता. पण पुढे अमेरिकेत 353 पेशंटवर कडक चाचणी झाली, म्हणजे कोणाला खरी बाटली नि कोणाला नुसतं सलाईन हे पेशंटलाही माहीत नाही, आणि 2014 मध्ये निकाल छापून आला की फरक शून्य. आता अमेरिकन कॅन्सर डॉक्टरांच्या गाईडलाईनमध्येही देऊ नका असंच आहे. त्यामुळे डॉक्टर नाही म्हणाले तर ते कंजूषपणा करतायत असं समजू नका (मी समजलो होतो).

दुसरी चूक थंडाची, या औषधावर असताना थंड वस्तूला हात लागला तरी झटका बसतो. केमोच्या तिसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी फ्रिजमधून दुधाची पिशवी काढली आणि करंट लागल्यासारखी सोडून दिली, ओट्यावर सगळं दूध. पहिले चार-पाच दिवस तरी फ्रिज, बर्फ, सरबत, एसी लोकल सगळं बंद, आमच्याकडे तर माठाचं पाणीसुद्धा चाललं नाही, कोमटच. थंड प्यायलं की घसा आवळल्यासारखा होतो, माणूस घाबरतो, कोमट पाण्याने ते उतरतं. पण खरंच दम लागला, अंगावर गांध्या आल्या तर ती अ‍ॅलर्जी असू शकते, तिथे घरगुती उपाय नको, थेट कॅज्युअल्टी.

आणि हो, शेजारच्या पेशंटला बर्फाचे हातमोजे घातले म्हणून आपणही मागू नका! ते पॅक्लिटॅक्सेल या दुसऱ्या केमोच्या औषधावाल्यांसाठी, ऑक्सालीप्लॅटिनमध्ये थंडच तर दुश्मन.

केमिस्टकडून परस्पर गोळ्या आणणं ही तिसरी. बी-6 जास्त डोसमध्ये महिनोन्‌महिने घेतलं तर त्यानेच नसा बिघडतात. अ‍ॅसिटिल-एल-कार्निटीनच्या गोळ्यांनी तर टॅक्सेनच्या (म्हणजे पॅक्लिटॅक्सेलच्या गटातल्या औषधांच्या) पेशंटमध्ये त्रास वाढलेला दिसलाय.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे लपवणं. डोस कमी करतील, मग कॅन्सर परत येईल, या भीतीने बाबा "थोडं होतंय, चालतं" म्हणायचे आणि मी मान डोलवायचो. एक दिवस शर्टाचं वरचं बटण त्यांना लागेचना, पायातली चप्पल जिन्यातच राहिली ते घरात आल्यावर कळलं. हे ऐकल्यावर डॉक्टरांनी ऑक्सालीप्लॅटिन थांबवलं आणि बाकीची औषधं चालू ठेवली, म्हणजे ट्रीटमेंट काही बंद पडली नाही. म्हणून दर सायकलच्या आधी बटण लागतं का, पेन धरता येतो का, खिशातलं नाणं न बघता ओळखता येतं का ते बघा आणि जसंच्या तसं सांगा.

केमो संपली म्हणून सुटलो असंही नाही, त्यानंतर दोन-तीन महिने बधिरपणा वाढू शकतो, तेव्हाही डॉक्टरांना सांगायचं. नुसतं बधिर नाही तर दुखतही असेल तर ड्युलॉक्सेटिन या नसांच्या दुखण्यावरच्या गोळीबद्दल विचारा, स्वतःहून सुरू करू नका. तोवर आंघोळीच्या बादलीत पेशंटने स्वतः हात घालून बघायचं नाही, बोटांना चटका कळत नाही, घरातल्या दुसऱ्या कोणीतरी बघायचं.