आईसोबत रत्नागिरीच्या आळ्या फिरताना

आईला घेऊन रत्नागिरी फिरायची तर चढ-उतार रिक्षाने करा, सपाट आळीत मात्र पायीच चाला. गुडघ्यांना चढापेक्षा उतार जास्त जाचतो. तीनच्या सुमारास थिबा पॅलेस गाठा. ब्रह्मदेशच्या पदच्युत राजासाठी १९१० साली बांधलेला हा वाडा. मग टिळक आळी, जिथे १८५६ साली लोकमान्य जन्मले. इथे घाई अजिबात नको. मे महिन्यात माझी आई एका जांभ्याच्या गडग्याला हात टेकून, आत वाळत घातलेल्या आमसुलांचा वास घेत कितीतरी वेळ उभी राहिली. शाळेतल्या मैत्रिणीचं घर तिला तिथेच आठवलं. शेवटी मांडवीची जेटी, सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी. पाण्याची बाटली आणि सपाट चपला घ्याच.