एकादशीला रताळं की केळं?

आईला मधुमेह, आणि एकादशी सोडायची नाही. मग मी वजनकाटा घेऊन बसले. तुम्हालाही तुलना करायची असेल तर आधी साल काढा, मग वजन करा. माझं केळं सालीसकट १२० ग्रॅम भरलं, सोलल्यावर जेमतेम ८०. इथेच बहुतेकांचा हिशोब चुकतो.

आता दोन्ही १०० ग्रॅम धरा. कच्चं रताळं साधारण ८६ कॅलरी, केळं ८९. कर्बोदकं २० आणि २३ ग्रॅम, तंतू ३ आणि २.६. पोटॅशियमही जवळपास सारखंच. मोठा फरक साखरेत: रताळ्यात ४ ग्रॅमच्या आसपास, पिकल्या केळ्यात १२. रताळ्यातलं बाकीचं बहुतेक पिष्ट असतं. पण तेही पचून शेवटी साखरच होते, म्हणून आईला मी ‘रताळं कितीही खा’ असं कधीच म्हणत नाही.

केळं कोणतं, तेही बघा. हिरवट केळ्यात पिष्ट जास्त, काळे ठिपके पडलेल्यात साखर. रताळं कापून आतला रंग पाहा. नारिंगी असेल तर ‘अ’ जीवनसत्त्वासाठी त्याला तोड नाही. आपल्याकडे बाजारात लाल सालीचं, आतून पांढरं मिळतं, त्यात ते फारच कमी.

आणि शिजवणं! भाजताना पिष्टाची साखर होत जाते, सालीवर चिकट पाक सुटतो तो त्याचाच. आईसाठी मी उकडते, वाटीभरच देते, सोबत दही आणि मूठभर दाणे. गूळ घातलेला कीस मात्र बंद केलाय.