रब्बीच्या पेरणीआधी गावाच्या पाण्याचा ताळेबंद: ग्रामसभा कशी भरवावी

पाणी किती आहे आणि पिण्याला-पिकांना किती लागेल, याचा जमाखर्च मांडणारी ही सभा दुष्काळी पट्ट्यातल्या गावानं ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात घ्यावी. तोवर पाऊस ओसरलेला असतो, विहिरी वर्षातल्या सर्वांत वरच्या पातळीवर असतात आणि हरभरा-गव्हाचं बियाणं अजून घरात आलेलं नसतं. दुसरं कारण याहून महत्त्वाचं आहे. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या गाव सोडतात. सभा नोव्हेंबरात गेली, तर पाण्याचं वाटप त्यांच्या पाठीमागे ठरतं आणि एप्रिलमध्ये ही कुटुंबं परततात ती टँकरच्या रांगेत उभी राहायला. २ ऑक्टोबरची ग्रामसभा बहुतेक गावांत होतेच, तिच्या विषयपत्रिकेत पहिला विषय हाच घाला. नोटीस किमान सात दिवस आधी निघाली पाहिजे. गणपूर्तीला १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल ती लागते.

आधीचे आठ दिवस: मोजणी

पाच-सहा जणांचा गट करा. त्यात निम्म्या बायका, एक भूमिहीन कुटुंबातला माणूस आणि पाणीपुरवठ्याचा कर्मचारी हवाच. शिवारात वर, मध्ये आणि खाली अशा दहा-बारा विहिरी निवडा आणि दरवर्षी त्याच मोजा. मोजपट्टीच्या टोकाला वजन बांधून कठड्यापासून पाण्यापर्यंतचं अंतर घ्या, त्यातून कठड्याची उंची वजा करा. आदल्या रात्रीपासून मोटार बंद ठेवून पहाटे मोजा. उपसा चालू असताना घेतलेली पातळी खोटी असते. तीन-चार फुटांचा फरक सहज पडतो आणि मग भर सभेत विहिरीचा मालक आकडाच नाकारतो.

पावसाचा आकडा महसूल मंडळाच्या केंद्रावरून मिळतो, पण केंद्र दहा-बारा किलोमीटरवर असेल तर तो आपल्या शिवाराचा नव्हे. हल्ली एका गावात ढगफुटीसारखा पाऊस आणि शेजारच्या गावात कोरडं, असं सर्रास होतं. म्हणून शाळेत स्वतःचं पर्जन्यमापक हवं. जवळच्या झाडाची किंवा भिंतीची जेवढी उंची, त्याच्या दुप्पट अंतरावर ते बसवा आणि रोज सकाळी साडेआठला नोंद घ्या.

हिशोब

सूत्र सोपं आहे: क्षेत्र (हेक्टर) गुणिले पाऊस (मिलिमीटर) भागिले १०० म्हणजे पाणी टीसीएममध्ये. एक टीसीएम म्हणजे एक हजार घनमीटर, अर्थात दहा लाख लिटर.

समजा, शिवार ८०० हेक्टर आणि पाऊस ४५० मिलिमीटर. एकूण पाणी ३६०० टीसीएम. हा आकडा ऐकून सभा खुश होते. पण आपल्या काळ्या पाषाणात त्यातलं जेमतेम ७ ते १४ टक्के जमिनीत मुरतं. कातळ अखंड असेल तर कमी, भेगाळ असेल तर जास्त. १० टक्के धरलं तर ३६० टीसीएम. पाझर तलाव आणि बंधाऱ्यांत ९० साठलं असेल, तर हाती ४५०. बाष्पीभवन आणि शिवाराबाहेर झिरपून जाणारं पाणी म्हणून यातले ३० टक्के वजा करा, उरले ३१५. तलावातलं पाणी पुढे विहिरीत उतरतं, ते पुन्हा नव्यानं जमा धरू नका. सगळ्यात जास्त चुका इथे होतात.

आता खर्च. पहिली ओळ पिण्याच्या पाण्याची, आणि ती जूनपर्यंत न धरता ३१ जुलैपर्यंत धरा, कारण पाऊस महिनाभर लांबणं आता नवलाचं राहिलेलं नाही. माणशी रोज ५५ लिटर, मोठ्या जनावराला ४०, शेळी-मेंढीला ५. दोन हजार लोक, ६०० गुरं आणि ८०० शेळ्यांच्या गावाला ३०४ दिवसांसाठी साधारण ४२ टीसीएम लागतं. वाडी-वस्ती, पाल टाकून राहणारे मेंढपाळ, वीटभट्टीवरचे मजूर यांनाही माणसांत मोजा. त्यांची नावं गावाच्या यादीत बहुधा नसतात.

पिकांना उरले २७३. एका एकराला सहा सेंटीमीटरचं एक पाणी, म्हणजे एकदाचं भिजवणं, सुमारे ०.२४ टीसीएम घेतं. दोन पाण्यांच्या हरभऱ्याला एकरी अर्ध्या टीसीएमच्या आत, सहा पाण्यांच्या गव्हाला दीडच्या आसपास, दहा पाण्यांच्या कांद्याला २.४. उसाला वर्षभरात एकरी ८ टीसीएम. एका एकर उसाच्या पाण्यात सोळा एकर हरभरा निघतो.

शेतकऱ्यांनी मनात धरलेली पेरणी सभेआधी घरोघर विचारून घ्या. २०० एकर हरभरा, १५० एकर एका पाण्याची ज्वारी, ६० एकर गहू, ४० एकर कांदा आणि १५ एकर ऊस असेल, तर बेरीज ४३४ होते. म्हणजे १६१ टीसीएमची तूट.

सभा

आदल्या दुपारी महिला सभा घ्या. कोणता हातपंप फेब्रुवारीत आटतो, कोणत्या वस्तीला पाणी चढत नाही, हे तिथेच नेमकं कळतं. मुख्य सभा रात्री आठला ठेवा; सोयाबीनच्या काढणीत मजूर त्याआधी मोकळे होत नाहीत.

कागदावरून आकडे वाचले की लोक पाच मिनिटांत उठतात. चावडीसमोर रांगोळीनं शिवाराचा नकाशा काढा. पाणी म्हणून ज्वारीचे दाणे घ्या, टीसीएमला एक याप्रमाणे ३१५. पिण्याचे ४२ आधी एका तांब्यात बाजूला काढा. मग पीकवार दाणे उचलू द्या. सगळे एकर भरण्याआधीच दाणे संपतात, आणि कोणी भाषण न करता खरी चर्चा सुरू होते.

वरच्या उदाहरणात तूट भरून निघते ती अशी: उसाचा दहा एकर खोडवा (तोडणीनंतर बुडख्यांवर पुन्हा वाढवलेला ऊस) ठेवायचा नाही (८० वाचले), ४० एकर गव्हाऐवजी हरभरा (३८), कांदा निम्मा (४८). पण हा भार कोणी उचलायचा, हे मोकळं सोडू नका. नाहीतर दोन एकरवाल्याचा कांदा जातो आणि खोल बोअरवाल्याचा ऊस राहतो. पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीनं १९७०च्या दशकात माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरतं पाणी हे माप लावलं, भूमिहीनांनाही वाटा दिला आणि ऊस वर्ज्य केला. हिवरे बाजारनं शेतीसाठी बोअरवेल बंद केल्या. तुमच्या गावाला हे जसंच्या तसं झेपणार नाही, पण निदान प्रत्येक कुटुंबाचं पहिलं एकर सुरक्षित ठेवा आणि कपात त्यावरच्या क्षेत्रातून करा.

ठरावात मोघम काही नको. "पाणी जपून वापरावे" असं लिहिलेला ठराव कपाटात जातो. पीकवार एकर, पिण्यासाठी राखलेल्या विहिरींचे गट नंबर, त्यांवरची शेतीची मोटार बंद करण्याची तारीख आणि देखरेख करणाऱ्यांची नावं लिहा. शेती आणि उद्योगासाठी ६० मीटर किंवा त्याहून खोल विहिरींना महाराष्ट्र भूजल अधिनियम, २००९ मध्ये बंदी आहे, तिचा उल्लेख ठरावात करा. बोअरची गाडी गावात आली की तो कागद उपयोगी पडतो.

ताळेबंद चावडीच्या भिंतीवर रंगवून ठेवा. जानेवारी, मार्च आणि मे महिन्यांत त्याच विहिरी पुन्हा मोजून आकडे शेजारी लिहा. मार्चची पातळी अंदाजापेक्षा खाली असेल, तर उन्हाळी भुईमूग आणि कडवळाचा (चाऱ्याच्या ज्वारीचा) निर्णय त्याच आठवड्यात फिरवावा लागतो. त्यासाठी छोटी सभा बोलावण्याचा अधिकार देखरेख गटाला ऑक्टोबरच्या ठरावातच देऊन ठेवा.