इंदूरच्या काळ्या मातीत पावसाचा वाफा करताय? या चुका टाळा

पावसाचा वाफा म्हणजे गच्चीवरचं पाणी अडवून जमिनीत जिरवणारा, झाडं लावलेला उथळ खड्डा. मे महिन्यात अंगणातल्या अशा खड्ड्यात बादलीभर पाणी ओतलं, ते पाहता पाहता गडप झालं, म्हणून गच्चीचा पाइप तिथेच सोडला. इंदुरात सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. माळव्याची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते. पाणी भेगांत गेलेलं असतं, मातीत मुरलेलं नसतं. चार सरी पडल्या की माती फुगते, भेगा मिटतात आणि श्रावणात त्याच वाफ्याचं डबकं होतं.

म्हणून परीक्षा चांगला पाऊस होऊन गेल्यावर घ्या. हातभर खड्डा एकदा भरून जिरू द्या, मग त्यात 15 सेंटिमीटर पाणी भरा. 24 तासांत उतरलं नाही, तर थोडी वाळू मिसळून भागत नाही. चिकणमाती उलट आणखी घट्ट बसते. हातभर माती काढून टाका, तिथे जाड वाळू, थोडी माती आणि कुजलेलं शेणखत भरा. तळाशी छिद्रांचा पाइप घालून सखल बाजूला काढायला विसरू नका, नाहीतर खाली काळी माती आणि वर वाळू अशी नुसती टाकी तयार होते.

वाफा भिंतीला लागून तर मुळीच नको. फुगणारी-आकसणारी माती पायाला हलवते. आमच्या ओसरीच्या भिंतीला तडा गेल्यावर मला ते कळलं. निदान 3 मीटर अंतर ठेवा.

100 चौरस मीटर गच्चीवर 25 मिलिमीटर पाऊस म्हणजे 2,500 लिटर पाणी. 15 सेंटिमीटर खोल वाफ्यात ते मावायला जवळपास 17 चौरस मीटर जागा लागते. एवढी जागा कुठली? म्हणून तळ्याला असतो तसा वाफ्यालाही सांडवा ठेवा. कान्ह आणि सरस्वती नद्यांकडे धावणारं थोडं पाणी तरी आपल्या अंगणात थांबेल, तेही कमी नाही.

तळाशी वाळा किंवा कर्दळ लावा. तुळस काठावरच बरी, तळात तिची मुळं कुजतात.

पहिल्या वर्षी नीट जिरणारं पाणी दुसऱ्या वर्षी तुंबलं, तर अख्खा वाफा उकरू नका. बहुतेक वेळा गच्चीच्या पाइपच्या तोंडाशी गाळाची साय धरलेली असते. ती खरवडून तिथे गोटे रचा. हे लगेच करा, कारण अंड्यातून डास व्हायला साधारण आठवडा पुरतो.