वाण आला, पण बी कुठंय?

एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षी मंगळवेढ्याकडच्या एका शेतात आमच्या रब्बी ज्वारीच्या चाचणीचे प्लॉट होते. त्यातल्या एका ओळीची कणसं अशी भरली होती की माझा जीव तिच्यावरच जडला होता. काढणीच्या दिवशी शेतातल्या काकू आल्या. कणसाकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. ताट मोडलं, दातानं सोललं, चावलं आणि थुंकून टाकलं. "कडबा लई टणक हाय गं. म्हसरं तोंड लावायची न्हाईत." माझ्या वहीत हजार दाण्यांचं वजन होतं, फुलोऱ्याचे दिवस होते, ताटाची उंची होती. कडबा जनावर खाईल का, याला रकानाच नव्हता.

कोरडवाहू पिकांच्या वाणांवर काम करायचंय, काय शिकू, असं विचारणाऱ्यांना मी आधी हा किस्सा सांगते. मग शिक्षणाचं. बीएस्सी ॲग्रीनंतर राहुरी, अकोला, परभणी, दापोली या चारही कृषी विद्यापीठांत पैदासशास्त्राला, म्हणजे नवे वाण तयार करण्याच्या शाखेला जाता येतं. बियाणे तंत्रज्ञान, म्हणजे तयार वाणाचं चांगलं बी वाढवणं-तपासणं, ही वेगळी शाखा आहे आणि पैदासशास्त्र हुकलं म्हणून मुलं तिकडं वळतात. मीही तिला दुय्यमच समजत होते. आज पुन्हा निवडायची वेळ आली तर तीच घेईन.

का, ते रब्बी ज्वारीच्या मालदांडी ३५-१ या वाणाकडं बघून कळेल. मोहोळच्या ज्वारी संशोधन केंद्रावर १९३० च्या दशकात स्थानिक मालदांडीतून निवडलेला हा वाण आजही शेतात आहे, कारण भाकरी आणि कडबा दोन्ही जमतं. नंतर चांगले वाण आले नाहीत असं नाही. रब्बी ज्वारी वाढते ती जमिनीत मुरलेल्या ओलीवर. ओल संपली की खडखड्या रोग लागतो आणि ताटं लोळतात. म्हणून मातीच्या खोलीप्रमाणे वाण काढले गेले: हलक्या जमिनीला फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा, भारीला फुले वसुधा. गावात गेलात की आधी नाल्याच्या काठाला किंवा विहिरीच्या कडेला मातीचा थर बघा, वाणाचं नाव नंतर काढा. पण सुचित्रा मागायला गेलेल्या माणसाला दुकानात मिळतं ते असेल ते. गाडी अडते ती इथं.

बियाण्याची साखळी बॅगेवरच्या टॅगनं लक्षात ठेवा. वाण काढणाऱ्याकडच्या मूळ, म्हणजे पैदासकार बियाण्याला पिवळा, त्यापासून वाढवलेल्या पायाभूतला पांढरा, त्यापुढच्या, सरकारी यंत्रणेनं तपासलेल्या प्रमाणितला निळा, आणि विकणाराच खात्री देतो त्या सत्यतादर्शकला हिरवा. प्रत्येक पायरीला एक हंगाम जातो. आता कागद-पेन्सिल घ्या. ज्वारीला एकरी ४ किलो बी लागतं. एका एकरात ५ क्विंटल बी निघालं तर पुढं १२५ एकर पेरून होतं. हरभऱ्याला एकरी ३० किलो लागतं; ६ क्विंटल निघालं तरी जेमतेम २० एकर. भुईमुगाचं गणित याहून वाईट. त्यात हरभरा हे सरळ वाणाचं पीक, एकदा बी घेतलं की शेतकरी पुढं घरचंच धरतो. मग खासगी कंपनी दरवर्षी नव्यानं विकत घ्यावं लागणाऱ्या कापूस-मक्याच्या संकरित बियाण्यामागं का जाते, हे वेगळं सांगायला नको. कंपनीत पगार बरा मिळतो, जायचं तर खुशाल जा, मीही दोन वर्षं होते. पण हरभरा, तूर, करडई यांचं काम विद्यापीठं, महाबीज हे राज्याचं बियाणे महामंडळ आणि शेतकऱ्यांच्या गटांकडंच राहतं.

नोकरी कुठलीही असो, उगवण तपासणी हातात बसलेली हवी. गोणपाट भिजवायचं, त्यावर दहा-दहाच्या दहा ओळींत १०० दाणे मांडायचे, वर दुसरं ओलं गोणपाट टाकून गुंडाळी करून सावलीत ठेवायची, अधूनमधून पाणी शिंपडायचं. सात दिवसांनी चांगले कोंब मोजायचे. सोयाबीनचे ७० आले तर नेहमीचं एकरी ३० किलो पेरा, कमी आले तर बी वाढवा. सोयाबीनची पोती आपटू नका, थप्पी उंच लावू नका. साल पातळ असते, आतला कोंब दुखावतो आणि वरून काहीच दिसत नाही.

आता माझी फजिती. शेतकऱ्यांच्या एका गटासाठी बीडीएन ७११ या पांढऱ्या तुरीचा बीजोत्पादन प्लॉट मी घेतला. प्रमाणित बियाण्याला दुसऱ्या वाणाच्या तुरीपासून १०० मीटर विलगीकरण अंतर लागतं. आमचं सत्यतादर्शक, तपासायला कोणी येणार नव्हतं. रस्त्याकडनं अंतर मोजलं आणि ओढ्यापलीकडं बघितलंच नाही. तिथं लाल तूर फुलात होती, आणि मधमाश्यांना ओढा म्हणजे काय. त्या वर्षी बी पांढरंशुभ्र निघालं, कारण दाण्याचं साल आईकडनं येतं; लाल बापाचा रंग पुढच्या पिढीत दिसतो. मी खूश, गट खूश. पुढच्या वर्षी ज्यांनी ते पेरलं त्यांच्या खळ्यावर पांढऱ्यात लाल दाणे. बाजारात व्यापाऱ्यानं भाव पाडला आणि शिव्या मला बसल्या, त्या रास्तच होत्या.

गटातल्या मामांनी त्यानंतर प्लॉट बंद केला नाही. पेरणीच्या आधी ते मला घेऊन ओढ्यापलीकडच्या शेतकऱ्याकडं गेले, चहा झाला, आणि पिशवीतनं बीडीएन ७११ चं पाच किलो बी काढून त्याच्यापुढं ठेवलं. "यंदा एकरभर हेच पेर, पैसे नकोत." तो लगेच तयार झाला नाही, लाल तुरीची डाळ चांगली पडते म्हणाला. दुसऱ्या चहाला पटलं.