रायडेलची गावे नकाशावरून कशी वाचावीत

यॉर्कला शिकायला गेलेल्या मुलामुलींनी सुटीत पाठवलेल्या छायाचित्रांवरून इंग्लंडचे खेडे कळत नाही. हिरवे कुरण आणि दगडी घर एवढेच दिसते. गाव तेथेच का वसले, हे समजून घ्यायचे असेल तर नकाशा उघडून बसावे. त्यासाठी यॉर्कच्या ईशान्येचा रायडेल हा भाग घ्यावा. आपल्या तालुक्याचे शिवार ज्याने पायी पाहिले आहे, त्याला तो अंबाजोगाईत वा औशात बसूनही बराच उलगडतो.

आधी एक गैरसमज दूर करावा. रायडेल हा 1974 ते 2023 या काळात ‘डिस्ट्रिक्ट’ होता, परंतु त्याला आपला जिल्हा समजू नये. जिल्ह्याच्या जागी तेथे काउंटी असते. डिस्ट्रिक्ट आपल्या तालुक्याला अधिक जवळचा. 2023 च्या एप्रिलपासून तेथील कारभार नॉर्थ यॉर्कशायर कौन्सिलकडे गेला, पण भूभागाचे नाव लोकांच्या तोंडी राहिले. गावपातळीवरील सिव्हिल पॅरिश ही साधारण आपली ग्रामपंचायत मानावी.

नकाशा ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा-संस्थेचा, 1:25,000 प्रमाणाचा घ्यावा. त्यावर 4 सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा 1 किलोमीटर, त्यामुळे शेतांचे बांधसुद्धा दिसतात. हिरव्या तुटक रेषा या सार्वजनिक हक्काच्या पायवाटा होत. पाणंदीवरून भांडणे पाहिलेल्या आपल्या माणसाला या रेषांचे मोल वेगळे सांगायला नको.

गावे शोधण्याआधी निळ्या पेन्सिलीने नद्या गिरवाव्यात, कारण रायडेलमध्ये सारे पाण्यावर ठरलेले आहे. राय नदी उत्तरेच्या मूर्स नावाच्या माळरानी डोंगरातून उतरते, हेल्म्सलीजवळून वाहते आणि पुढे डर्वेंटला मिळते. डर्वेंटचा प्रवास गोदावरीची आठवण करून देतो. गोदावरी अरबी समुद्रापासून फार दूर नसलेल्या त्र्यंबकला उगम पावून पूर्वेकडे निघते. डर्वेंटही उत्तर समुद्राच्या किनाऱ्याजवळ उगम पावून समुद्राकडे पाठ फिरवते. कारणे मात्र निराळी आहेत. आपल्याकडे सह्याद्रीपासूनचा उतारच पूर्वेकडे आहे, तर तेथे हिमयुगातील बर्फाने समुद्राकडची वाट अडवली आणि पाणी आत साचून मोठे सरोवर झाले. त्या सरोवराचा तळ म्हणजे आजचे पिकरिंगचे सपाट खोरे.

हे लक्षात आले की गावांची मांडणी आपोआप दिसू लागते. उत्तरेच्या काठाने हेल्म्सली, कर्कबीमूरसाइड, पिकरिंग आणि थॉर्नटन-ले-डेल, तर दक्षिणेच्या काठाने स्लिंग्जबी, बार्टन-ले-स्ट्रीट व ॲपलटन-ले-स्ट्रीट अशा दोन माळा आहेत. मधला भाग बराचसा मोकळा आहे. तेथे ‘कार’ आणि ‘इंग्ज’ हे शब्द आढळतील. ते पाणथळ जमिनीचे शब्द आहेत. आपले जुने गावठाण पाण्याच्या ओढीने नदीकडे वा ओढ्याकडे सरकलेले असते. येथे लोक दलदल टाळून काठावर चढले. खोऱ्यातच राहिलेले ग्रेट बार्फ टेकाडावर आहे, आणि त्या नावाचा मूळ अर्थही टेकाड असाच आहे. (‘Barugh’ या स्पेलिंगवरून हा उच्चार कोणालाही सुचणार नाही, म्हणून नावे शक्यतो ऐकून घ्यावीत.)

त्यानंतर नावांचे शेपूट पाहावे. ‘बी’ आणि ‘थॉर्प’ ही नवव्या शतकापासून येथे स्थिरावलेल्या डेन लोकांची खूण आहे. ‘थॉर्प’ म्हणजे मूळ गावातून फुटलेली वस्ती, जवळजवळ आपली वाडी. ओढ्याला ‘बेक’ म्हणतात, तेही त्यांच्याच भाषेतून आले. ‘टन’ हे त्याआधीच्या इंग्लिश वसाहतीचे. ग्रेट बार्फच्या शेजारी लिटल बार्फ आहे, ग्रेट हॅबटनच्या शेजारी लिटल हॅबटन. मराठवाड्यातील वाचकाने त्यांना निःशंकपणे बुद्रुक आणि खुर्द म्हणावे. ‘ले-स्ट्रीट’ म्हणजे रोमन रस्त्यावरचे. ॲपलटन-ले-मूर्स हे वेगळे गाव आहे, त्यामुळे आपल्या पिंपळगावांप्रमाणे तेथेही पूर्ण नाव लिहून घ्यावे.

शेवटी बेचिराख गाव शोधावे. मालटनच्या आग्नेयेस, वोल्ड्स टेकड्यांत, व्हॅरम पर्सी सापडेल. नकाशावर तेथे वळणदार जुन्या अक्षरांत मध्ययुगीन गाव असल्याची नोंद असते, घरे मात्र नाहीत. मेंढ्यांच्या चराईसाठी उरलेली कुटुंबे हलवली गेली आणि 1500 च्या सुमारास गाव ओस पडले. 1950 ते 1990 अशी चाळीस वर्षे तेथे उत्खनन झाले. आपल्याकडे ओसाड गावाची पांढरी, म्हणजे जुनी वस्तीची जागा, मातीवरून आणि खापरांवरून ओळखू येते. तेथे गवताखालचे घरांचे उंचवटे पाहावे लागतात, आणि ते सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात ठळक दिसतात. उपग्रह-चित्र निवडताना म्हणूनच लांब सावल्यांचे निवडावे, आणि सेंट मार्टिन चर्चचे भग्न अवशेष आधी शोधून त्यांच्या वरच्या पठाराकडे नजर न्यावी.