काम अडकलंय? देवावर सोडायचं कसं

नोकरीचा कॉल असो नायतर कोर्टाची तारीख, आधी ग्रामदेवतेसमोर नारळ ठेवून गाऱ्हाणं घाला, काय हवंय ते स्पष्ट बोला. मग परत परत कौल (मूर्तीला फुलं-पाकळ्या चिकटवून देवाचं हो की नाय विचारणं) लावत बसू नका, डावा पडला, म्हणजे नकार आला म्हणून दुसऱ्या देवळात पळणारे बघितलेत मी (देव पण वैतागत असेल!).

आता आमच्या कोकणातल्या खलाशांचं बघा. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, बोटी ताडपत्रीखाली, पण खलाशी काय हातावर हात ठेवून बसत नाय, फाटलेली जाळी शिवतो, इंजिन खोलतो, आणि बरेच जण नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देऊनच बोट काढतात. तसंच सकाळी दिवा लावा आणि आपलं रोजचं काम करा. रिझल्टची साईट दिवसातून एकदाच बघा. रात्री झोप येत नसेल तर देवळात भजनाला जाऊन बसा, टाळ मिळाला तर वाजवा.